कॅम्पातली दोन मतं

सेंटर स्ट्रीट, पुणे कॅम्प
१२ एप्रिल २०२३

प्रिय नंदा,

एकाहत्तर सालच्या मार्चमधली ती मधली सुट्टी तुला आठवते का? आदल्या दिवशी लोकसभेचं मतदान झालं होतं आणि तुझ्या आईच्या बोटावर शाईची खूण होती. तशीच आपल्यालाही हवी म्हणून तू दौतीत बोट बुडवलंस. मग मीही बुडवलं. डबा खाताना पोळीला शाई लागली, ती आपण तशीच खाल्ली. सिस्टर फिलिपांनी दोघींना नळावर उभं करून लिंबाच्या फोडीने बोटं घासायला लावली. म्हणाल्या, "मत देणाऱ्यांचं एक बोट रंगतं. तुमचे तर ओठही रंगलेत."

आज सकाळपासून ते डोक्यात आहे. आपले खासदार गेले त्याला दोन आठवडे झाले. ते माझ्या पक्षाचे, तुझ्या नव्हेत, तरी तू लगेच दोन ओळी लिहिल्यास ते बरं वाटलं. तुझा कान फोनवर अजिबात चालत नाही हे एका परीने चांगलंच आहे, नाहीतर आपण पत्रं कशाला लिहिली असती. व्हॉट्सअ‍ॅपवर मला नीट रागावता येत नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या पोटात गाठ निघाली आहे. ती काढण्यासारखी नाही. डॉक्टर वर्षभर म्हणतात, म्हणजे वर्षभर नसणार. रडू नकोस, पुढचं वाच. खासदाराची जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, असा कायदा आहे. सहा महिने मला जमतील. फेब्रुवारीत कसब्याची विधानसभेची पोटनिवडणूक झटक्यात झाली, तशी हीसुद्धा होईल. आपल्याला अजून एक मत एकत्र देता येईल. त्यानंतर गाठीचं काय व्हायचं ते होवो.

तू मांजरीला राहायला गेलीस तरी नाव अजून आपल्या शाळेतल्या केंद्रावर आहे, हे नशीब. मांजरी पुण्यात धरतच नाहीत, तिथले लोक शिरूरचा खासदार निवडतात. कुणी नाव बदलायला सांगितलं तर ऐकू नकोस.

तुझी,
शालन


मांजरी बुद्रुक
२४ एप्रिल २०२३

प्रिय शालू,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. गाठीबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास आणि पोटनिवडणुकीबद्दल दहा. रडू नकोस म्हणालीस, पण ते माझ्या हातात नव्हतं. सुनेच्या नजरेतून सुटतंय थोडंच, भाग्यश्री विचारत होती, "आई, काय झालं?" मी म्हटलं, कांदा. ती म्हणाली, "आई, आज भेंडी आहे."

सत्त्याहत्तर सालची मार्चमधली ती रांग आठवली. आपण दोघी एकवीस वर्षांच्या, पहिलंच मत. तुझे बाबा आणीबाणीचे एकोणीस महिने येरवड्याच्या तुरुंगात काढून सुटले होते, त्यामुळे तुझं मत नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हाला जाणार हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. माझं गाय-वासराला. आमच्या भीमपुऱ्यातल्या दोन खोल्या ज्यांच्यामुळे मिळाल्या त्यांना सोडायचं नाही, असं आमच्या दादांचं म्हणणं होतं. आपण ते एकमेकींना सांगितलं आणि तीन आठवडे बोललो नाही. शेवटी आमच्या आईने तुला घरी बोलावून पाटावर बसवलं. म्हणाली, "दोघींनी एकमेकींचं मत खाल्लंच आहे, आता भाकरी खा."

तेव्हापासून आपला करार. तुझं मत माझं मत मारणार, माझं तुझं. म्हणून जायचं तर दोघींनी, नाहीतर कुणीच नाही. चौदा साली माझं नाव यादीतून गळालं, तेव्हा तू केंद्राच्या दारापर्यंत जाऊन परत आलीस. त्या दिवशी शहरात शेकडो लोक भांडत होते आणि तू मात्र मला इराण्याकडे घेऊन गेलीस. एकच ऑम्लेट दोघींत, नेहमीसारखं. तुझं बोट कोरं पाहून गल्ल्यावरच्या काकांनी विचारलं होतं, "काय, आज सुट्टी का?"

तू जेवत जा. पुढच्या शनिवारी रोहन मला सोडेल, मी येते. यादीचं वगैरे आत्ता मनात आणू नकोस.

तुझी,
नंदा


सेंटर स्ट्रीट
३ ऑक्टोबर २०२३

प्रिय नंदा,

सहा महिने झाले. काल-परवाच उलटले. काहीही जाहीर झालं नाही.

मी रोज पेपर वाचते. पहिल्यांदा म्हणाले पावसाळा आहे. मग म्हणाले आयोगाला इतर राज्यांच्या निवडणुका आहेत. आता म्हणतात सार्वत्रिक निवडणूक जवळ आलीच आहे, मधल्या मधल्या खासदाराचं काय काम? त्यांना काम नसेल. मला होतं. इतकी विद्यापीठं, इतकी महाविद्यालयं असलेलं हे शहर, लोकसभेतल्या खुर्चीवर कुणी नाही आणि कुणाला काही वाटत नाही. श्रीधर म्हणतो, "ताई, खासदार असताना तरी आपल्या गल्लीतलं गटार कुठे नीट होतं?" माझा सख्खा भाऊ असून असं बोलतो.

मी आपला डबा काढला. तोच, बिस्किटांचा, ज्यात सगळ्या निवडणुकांच्या मतदार चिठ्ठ्या आहेत आणि प्रत्येकीच्या मागे मी निकाल लिहिलाय. चाळता चाळता एक गोष्ट लक्षात आली. आपण सत्त्याहत्तरला ज्याच्यावरून भांडलो, तो निवडून आलेला माणूस एकाहत्तरला तुमच्याच गाय-वासरावर निवडून आला होता. म्हणजे तुझे दादा आणि माझे बाबा सहा वर्षांच्या अंतराने एकाच माणसाच्या पाठीशी होते. हे आपल्याला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तीन आठवडे तरी वाचले असते.

मग ऐंशी, चौऱ्याऐंशी, एकोणनव्वद, तिन्ही तुझे. एक्क्याण्णवला पहिल्यांदा कमळ आलं आणि ऑम्लेटचे पैसे मी दिले. तू म्हणालीस, "चौदा वर्षांनी जिंकलीस, निदान दोन ऑम्लेट तरी सांग."

मला आता जिना उतरायला अक्षताचा हात लागतो. भाची असावी तर अशी. बावीस वर्षांची आहे, पण मतदार यादीत नाव नोंदवलेलं नाही. विचारलं तर म्हणते, "आत्या, लिंक पाठव, करते." चार महिने झाले.

तुला एक विचारायचं होतं. तुझ्या पत्रांत पोटनिवडणुकीचा उल्लेख येतच नाही. तुझ्या पक्षाला निवडणूक नकोय, असं तर नाही?

शालन


मांजरी
२० ऑक्टोबर २०२३

प्रिय शालू,

माझ्या पक्षाला काय हवंय ते मला कोण विचारतंय? मांजरीत मला भाजीवालाही "काय पाहिजे आज्जी" म्हणून विचारत नाही, "बोला" म्हणतो.

उल्लेख येत नाही कारण तुला त्रास होतो. तू पेपर वाचणं बंद कर. इथे उसाची शेतं अजून थोडी आहेत, सकाळी मी बाळाला घेऊन गॅलरीत बसते तेव्हा ती दिसतात. पलीकडे पाच नवे टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या मागे किती शेत शिल्लक आहे ते दिसत नाही. भाग्यश्री कामाला जायला लागली, त्यामुळे साई दिवसभर माझ्याकडे असतो. तो माझ्या डाव्या कानात ओरडतो तेव्हा मला थोडं ऐकू येतं.

दिवाळीत येते. चकल्या आणते. त्या तुला चालणार नाहीत, पण वास घेता येईल.

नंदा


सेंटर स्ट्रीट
२० डिसेंबर २०२३

प्रिय नंदा,

हायकोर्टाने पोटनिवडणूक घ्या म्हणून सांगितलं. पुण्यातल्याच एका मतदाराने अर्ज केला होता. त्या गृहस्थांना मी ओळखत नाही, पण अक्षताकडून मोसंब्यांची पिशवी पाठवावी असं मनात आलं.

मी गेल्या महिन्यापासून अंथरुणावरच असते, तरी या बातमीवर उठून बसले. वहिनी म्हणाली, "वन्सं, कुठे निघालात?" मी म्हटलं, मतदानाला. फेब्रुवारीत झाली तर मी खुर्चीवर बसून येईन, चाकांची खुर्ची केंद्रावर मिळते.

तुझा यादीतला अनुक्रमांक काय आहे, तो मला कळव. मी दोघींचे एकाच कागदावर लिहून ठेवते. विसरू नकोस.

तुझी,
शालन


मांजरी
१२ जानेवारी २०२४

प्रिय शालू,

वरच्या कोर्टाने स्थगिती दिली हे तुझ्यापर्यंत पोचलंच असेल. रोहनने सांगितलं तेव्हा मी साईला भरवत होते. मला आधी हायसं वाटलं. खरं तेच लिहिते. आधी हायसं वाटलं, आणि मग त्याची इतकी लाज वाटली की मी वाटी खाली ठेवून मोरीत जाऊन उभी राहिले.

अनुक्रमांक कळवला नाही, कारण तो नाही. माझं नाव आपल्या शाळेत नाही, शालू. आम्ही इथे आलो त्याच वर्षी रोहनने फोनवरून तिघांची नावं एकदम इकडे करून घेतली. मला विचारलं नाही. त्याला वाटलं आईला परत कॅम्पात रांगेत उभं राहायचा त्रास नको. मला कार्ड आलं तेव्हा कळलं, त्यावर पत्ता मांजरी. मी त्याला बोलले नाही, कारण बोलले असते तर तो म्हणाला असता, "अगं आई, मत मतच असतं, इथे दे काय नि तिथे दे काय." 

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच लिहायला हवं होतं. पण तू गाठीचं लिहिलं होतंस आणि पुढे लिहिलं होतंस, नाव इथे आहे हे नशीब. मग दर महिन्याला मी म्हणायची, निवडणूक झालीच नाही तर सांगावंच लागणार नाही. निवडणूक होऊ नये म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात ठेवले होते. आमच्यात देव नाहीत, तरी ठेवले.

रोहनला म्हटलं, परत तिकडे फॉर्म भर, शालनचा पत्ता घाल. तो म्हणाला, "आई, तू तिथे राहत नाहीस, ते खोटं होईल." येऊन राहीन म्हटलं तर साईला कोण बघणार.

अजून एक, आता सांगतेच आहे तर. अठ्ठ्याण्णवला मी पंजाला मत दिलं नव्हतं. शह्याण्णवला पंजावर निवडून आलेला माणूस अठ्ठ्याण्णवला अपक्ष उभा राहिला आणि तुझ्या कमळवाल्यांनी त्याला पाठिंबा दिला, ती निवडणूक. मी त्या माणसालाच दिलं. आमच्या पुतणीला रुग्णालयात खाट मिळत नव्हती, त्यांच्या कार्यालयातून एक फोन गेला होता. पक्ष सोडला म्हणून मी त्यांना सोडायचं हे मला जमलं नाही. म्हणजे त्या वर्षी आपली दोन्ही मतं एकाच बाजूला पडली आणि आपला करार मी मोडला. इराण्याकडे तुझ्यासमोर ऑम्लेट गिळलं, ते मला अजून आठवतं.

रागव. पण लिही.

नंदा


सेंटर स्ट्रीट
२ फेब्रुवारी २०२४

नंदा,

मला माहीत होतं.

नोव्हेंबरात नवी यादी शाळेत पाहायला ठेवली होती. अक्षताला पाठवलं. माझ्यानंतर सहा नावं सोडून तुझं असायचं. नव्हतं. मी तिला परत पाठवलं, नीट बघ म्हणून. ती म्हणाली, "आत्या, नंदामावशींच्या जागी कुणी तरी एकोणीस वर्षांचा मुलगा आहे."

दिवाळीत तू येऊन तीन तास बसलीस. चकल्या आणल्यास. साईचे फोटो दाखवलेस. माझे पाय दाबून दिलेस. मी प्रत्येक वेळी तुझ्या तोंडाकडे बघत होते, आत्ता सांगेल, आत्ता सांगेल. जाताना तू दारात थांबलीस तेव्हा वाटलं, आलं. तू म्हणालीस, "डबा परत पाठवायची घाई नाही." म्हणून मग अनुक्रमांक विचारला. तो अनुक्रमांक मला नको होता.

आयोगाचा राग आला, कोर्टांचा आला. ते मला ओळखत नाहीत. तुझा राग जास्त आहे, कारण तू ओळखतेस. मला आजारी माणूस समजून गप्प बसलीस. चौसष्ट सालापासून आपण एका बाकावर बसतोय, मला खरं सोसत नाही असं तुला कधीपासून वाटायला लागलं? रोहनचं काही चुकलं नाही. पोरं सामान हलवताना विचारत नाहीत.

तू येऊन राहण्याचा प्रश्न नाही. मतासाठी पत्ता बदललेला मला चालणार नाही, आणि श्रीधरकडे आधीच एक आजारी बाई आहे.

अठ्ठ्याण्णवचं. ते पत्र वाचून मला खोकला येईपर्यंत हसू आलं, वहिनी पाणी घेऊन धावत आली. नंदा, तो माणूस मला कधीच सहन झाला नाही. दोन वर्षं मी त्याच्याविरुद्ध तुझ्याशी भांडले आणि माझ्या पक्षाने मला त्यालाच मत द्यायला सांगितलं. मी आत गेले, कागद उघडला, आणि पंजावर शिक्का मारला. आयुष्यात एकदाच. बाबांचा फोटो त्या दिवशी मी उलटा करून ठेवला होता.

म्हणजे त्या वर्षी तू माझ्या बाजूला होतीस आणि मी तुझ्या. करार मोडला नव्हता. फक्त दोघींनी एकमेकींच्या पाटावर बसून जेवण केलं. सव्वीस वर्षं दोघी ऑम्लेट गिळत होतो, ते फुकट.

राग गेलेला नाही. तरी लिहिलं.

शालन


मांजरी
२५ मार्च २०२४

प्रिय शालू,

तारखा लागल्या. पुणे आणि शिरूर दोन्हीकडे एकाच दिवशी, १३ मे. तू पोचशील का, हे मी विचारत नाही. तूच ठरवलंयस तर पोचशील.

माझ्या डोक्यात एक आलंय. अठ्ठ्याण्णवला आपण न सांगता केलं ते आता सांगून करूया. तू तिथे माझं मत दे, मी इथे तुझं देते. तू शाळेत पंजाचं बटण दाब. मी मांजरीत तुझ्या बाजूचं दाबेन. म्हणजे पुण्यात माझं मत पडेल आणि मला वाटेल मी अजून आपल्याच यादीत आहे. आणि करारही राहील, दोन मतं, दोन बाजू.

फक्त एक अडचण आहे. शिरूरच्या मशिनवर ना पंजा आहे ना कमळ. एकीकडे तुतारी वाजवणारा माणूस, दुसरीकडे घड्याळ. रोहनने समजावून सांगितलं की या खेपेला घड्याळ कमळाच्या सोबत आहे आणि तुतारी पंजाच्या. मी म्हटलं, घड्याळ तर आमच्याबरोबर होतं. तो म्हणाला, "आई, ते मागच्या वेळचं." नव्याण्णवला हे घड्याळ पंजातून फुटून निघालं तेव्हा तू मला पेढा दिला होतास. आता तेच तुझ्या नावाने दाबायचं म्हणजे मला तो पेढा परत केल्यासारखं होईल.

तुझं शेवटचं मत मी मागतेय हे मला कळतं. नाही म्हणालीस तर मी समजेन.

तुझी,
नंदा


सेंटर स्ट्रीट
१६ एप्रिल २०२४

नंदा,

नाही.

सत्तेचाळीस वर्षांत एकदा ते बटण दाबलं, म्हणजे शिक्का मारला, तेवढं पुरे. माझे बाबा येरवड्यात होते. एक वर्ष मी हे मत जपून ठेवलंय, पोटनिवडणूक नाही म्हणून, तारीख नाही म्हणून. ते मी आता दुसऱ्या कुणाच्या नावाने देणार नाही, तुझ्याही.

तू मांजरीत तुझं मत दे. तुतारीला. माझ्यासाठी तू घड्याळाकडे बघायची गरज नाही. करार या खेपेला नाही असं समजू.

झोपून लिहितेय म्हणून अक्षर असं आहे.

शालन


मांजरी
१४ मे २०२४

प्रिय शालू,

काल सकाळी सात वाजता मी रांगेत पहिली होते. इथलं केंद्र सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये आहे, पलीकडे पोहण्याचा तलाव. मला सिस्टर फिलिपा आठवल्या, त्यांना पोहणं मुळीच पसंत नव्हतं.

तू नाही म्हणालीस. मी तरी घड्याळाचं बटण दाबलं. तू बदल्यात काही करावंस म्हणून नाही. वर्षभर तुझ्याशी खोटं वागले, तर एक मत तरी तुझं खरं पडावं एवढ्यासाठी. काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती बघताना मी दादांची मनातल्या मनात माफी मागितली. बाहेर आल्यावर रोहनने विचारलं, "कुणाला?" मी म्हटलं, शालनमावशीला. तो म्हणाला, "आई, नीट ऐकू आलं का तुला मी काय विचारलं?"

मग त्याला म्हटलं, मला कॅम्पात सोड. रस्ता इतका तुंबला होता की शाळेच्या फाटकाशी पोचायला साडेदहा झाले. पोलीस म्हणाला, "आजी, चिठ्ठी?" नाही म्हटल्यावर त्याने आत सोडलं नाही. तू सकाळी नऊलाच येऊन गेलीस, असं तिथल्या एका मुलीने सांगितलं. घरी आले तर तू झोपली होतीस. वहिनी म्हणाली, आता उठवायला नको. तुझा हात चादरीबाहेर होता. बोटावर शाई होती. मी तेवढं बघितलं आणि परत आले.

तू कुणाला दिलंस ते मला नकोय. तू गेलीस, हे पुष्कळ झालं.

तुझी,
नंदा


सेंटर स्ट्रीट
७ जून २०२४

प्रिय नंदा,

हे अक्षर अक्षताचं आहे, शब्द माझे. ती म्हणते, "आत्या, टाईप करू का?" मी म्हटलं, पत्र आहे, पेनने लिही.

त्या दिवशी तू येऊन गेलीस हे मला संध्याकाळी कळलं. उठवायला हवं होतं. वहिनीला मी बोलले.

माझं ऐक. मला खुर्चीवरून नववी अ च्या वर्गात नेलं, आपलाच वर्ग, नळाकडच्या बाजूचा. कमळासाठीच गेले होते. अक्षताला दाराशी थांबवलं होतं. पडद्यामागे खुर्चीवरून बटणांपर्यंत हात नीट पोचत नव्हता, म्हणून मी थोडी उठले. उठल्यावर खिडकीतून नळ दिसला. नवीन नळ आहे, स्टीलचा. मी बराच वेळ तिथेच होते. मतदान अधिकारी म्हणाला, "आजी, झालं का? बीप आला नाही अजून." मी म्हटलं, येईल. मला वाटलं, मी गेल्यावर या वर्गात तुझ्या वाटचं कुणीच नसेल. एक एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, तो काय देईल कुणास ठाऊक. मग मी पंजा दाबला. काचेत चिठ्ठी दिसली आणि पडली. बाबांचा फोटो घरी आल्यावर उलटा केला नाही. त्यांनाही बघू दे.

आता तीन दिवसांपूर्वीचा निकाल. पुण्यात कमळ आलं. शिरूरला तुतारी वाजली. म्हणजे मी माझ्या मनासारखं मत दिलं असतं तर जिंकले असते. तू तुझ्या मनासारखं दिलं असतंस तर तूही जिंकली असतीस. दोघींनी एकमेकींसाठी दिलं आणि दोघी हरलो. सत्तेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच झालं. दुसरं कुणी हे केलं असतं तर त्यांना आपण दोघींनी मिळून मूर्ख म्हटलं असतं.

बसून राहणं आता होत नाही. म्हणून वाटणी सांगून ठेवते. अक्षता लिहिते आहे, म्हणजे नंतर वाद नको.

बिस्किटांचा डबा नंदाला. त्यातल्या चिठ्ठ्यांचा क्रम बदलायचा नाही. चोवीसच्या चिठ्ठीमागे निकाल मी लिहिलेला नाही, तो तिने लिहायचा, दोन्ही मतदारसंघांचा. चौदा सालची माझी न वापरलेली चिठ्ठी वेगळ्या पाकिटात आहे, तीसुद्धा तिलाच.

बाबांचा फोटो श्रीधरला. सरळ लावायचा.

माझी काठी वहिनीला. तिला आत्ता लागत नाही असं ती म्हणते.

चकल्यांचा डबा नंदाचा आहे. दिवाळीपासून इथे आहे. रिकामा पाठवायचा नाही.

पुस्तकं आणि शाळेची दौत अक्षताला. दौतीत शाई नाही. तिने आधी मतदार यादीत नाव नोंदवायचं, मग दौत मिळेल. लिंक मागू नये. पहिल्या मतदानाला तिला नंदाने न्यायचं, आणि मत कुणाला दिलं ते विचारायचं नाही. पण तिच्या उलट मत देणारी एखादी मैत्रीण तिला आहे की नाही, एवढं बघायचं. नसेल तर शोधून द्यायची. मग इराण्याकडे, एकच ऑम्लेट. ऑम्लेट हे लिहायला अक्षताला हसू येतंय.

यादीतलं माझं नाव काढायला फॉर्म सात लागतो. तो श्रीधरने महिन्याभरात भरायचा. मेलेली माणसंही मत देऊन जातात असं लोक म्हणतात, तो संशय माझ्यावर नको.

नंदाचं नाव मांजरीत आहे, तिथेच राहू द्यावं. पुन्हा कुणी हलवणार असेल, तर आधी तिला विचारावं. उजव्या बाजूने बोलू नये, डावा कान जरा बरा आहे.

तुझी,
शालन